श्रद्धा निवडता येते काय?
जन्माने चिकटलेली श्रद्धा एका रात्रीत गळत नाही, हे आम्हीही मान्य करतो. पण म्हणून ती निवडताच येत नाही काय? ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाबासाहेब साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले. त्याच जिल्ह्यातील मसूर स्टेशनवर जात कळताच या पोरांना न्यायला एकही गाडीवाला तयार होईना. एवढे सोसूनही धर्म सोडण्याची घोषणा झाली १९३५ साली येवल्यात, आणि दीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ रोजी. एकवीस वर्षे धर्म तपासण्यात गेली! आणि टीकाकार म्हणतात, रागाच्या भरात धर्मांतर केले.

दीक्षेनंतरही सातारा-सांगलीकडच्या काही घरांत देव्हारा राहिला, एखादी आजी यल्लम्माला जातच राहिली. तिला ढोंगी म्हणणारे घाई करतात. बावीस प्रतिज्ञांत पूजा करणार नाही, पिंडदान करणार नाही, असे आहे. मनावर हुकूम चालत नाही, हातावर चालतो. हात थांबला की मन प्रश्न विचारू लागते.

या निवडीची किंमतही होती. बौद्ध म्हणून नोंद केली की अनुसूचित जातीच्या केंद्रीय सवलती जात. त्या मिळाल्या १९९० साली. तरीही १९६१ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील सुमारे २८ लाख लोकांनी आपला धर्म बौद्ध सांगितला.