चंद्रोदय नसलेली तारीख

पौर्णिमेच्या संध्याकाळी भाईंदरच्या जेसल पार्क चौपाटीवर खाडीकाठी उभे राहा. सूर्यास्ताच्या सुमारास पूर्वेला चंद्र उगवेल. वेळ टिपून ठेवा. दुसऱ्या दिवशी त्या वेळी चंद्र दिसणार नाही. असे का?

पृथ्वीची स्वतःभोवती एक फेरी होईपर्यंत चंद्र आपल्या कक्षेत सुमारे १३ अंश पूर्वेकडे सरकलेला असतो. त्याला गाठायला पृथ्वीला आणखी सरासरी ५० मिनिटे फिरावे लागते. म्हणूनच संकष्टीचा चंद्रोदय रात्री नऊच्या सुमारास होतो.

आता एक गंमत पाहा. समजा, १० तारखेला चंद्र रात्री ११.४० ला उगवला. पुढचा उदय मध्यरात्र उलटल्यावर १२.३० ला, तोवर १२ तारीख लागलेली! म्हणजे ११ तारखेला चंद्रोदयच नाही. अशी तारीख जवळजवळ प्रत्येक महिन्यात येते. या महिन्यातली तुम्ही शोधून काढा.