दात नसलेला चोर

श्रोतेहो, आपल्या मराठवाड्यात डाळिंबाच्या बागेत गेलो की एक तक्रार हमखास कानावर येते. "पाणी देतोय, खत देतोय, तरी झाड दुपारी मान टाकतंय." मी म्हणतो, बुडाशी थोडं उकरा आणि कोवळं मूळ बघा. त्यावर गाठी असतील तर चोर सापडला! तो म्हणजे सूत्रकृमी. टोमॅटो, वांगी, भेंडीलाही तो सोडत नाही.

जमिनीतून मुळाकडे येणारं याचं पिल्लू अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान असतं. दात नाहीत, जबडा नाही. तोंडात फक्त एक पोकळ सुई. मग मुळात शिरतो कसा?

पेशीची भिंत मुख्यतः सेल्युलोजची असते. आपला कापूस म्हणजे जवळजवळ निव्वळ सेल्युलोजच. दोन पेशींना चिकटवून ठेवणारा लेप असतो पेक्टिनचा. पेरूची जेली ज्याच्यामुळे घट्ट होते तेच हे. कापडात सुई टोचली तर भोक पडतं, पण धागा विरघळत नाही. सूत्रकृमी मात्र सुईतून विकरं, म्हणजे एन्झाइम्स, सोडतो. एक विकर पेक्टिन सैल करतं, दुसरं सेल्युलोजच्या लांब साखळ्या तोडतं. लेप सुटला की पिल्लू पेशींच्या फटींतून आत सरकतं.

आता गंमत बघा. गाय कडबा खाते, पण त्यातलं सेल्युलोज फोडतात तिच्या पोटातले सूक्ष्मजीव. सूत्रकृमीचंही तसंच असेल, असं वाटणं साहजिक होतं. पण 1998 साली बटाटा आणि सोयाबीनवरच्या सूत्रकृमींत दिसलं, की सेल्युलोज तोडणाऱ्या विकराचं जनुक खुद्द कृमीचंच आहे. त्याची ठेवण मात्र जिवाणूंच्या जनुकासारखी! कधीकाळी जिवाणूंकडून ते उचललं असावं, असं शास्त्रज्ञ मानतात. 2008 मध्ये गाठी करणाऱ्या सूत्रकृमीचा सगळा जनुकसंच वाचला गेला, तेव्हा भिंत फोडणारी अशी साठेक हत्यारं निघाली. चोरीच्या किल्ल्यांचा जुडगाच म्हणा ना.

आत गेल्यावर तो एका जागी बसतो, आजूबाजूच्या पेशी फुगवून त्यांतला रस पितो. मादी शेकडो अंडी घालते. गाठींमुळे मुळातली पाण्याची वाट अडते, म्हणून झाड दुपारी सुकतं.

एक खबरदारी सांगतो. तूर, मुगाच्या मुळांवरच्या गाठी पाहून घाबरू नका. रायझोबियमची गाठ मुळाच्या बाजूला चिकटलेली असते, चोळली की सुटते, ती उपकारकच. सूत्रकृमीची गाठ म्हणजे मूळच फुगलेलं असतं, ते सुटत नाही.

उन्हाळी नांगरट, निंबोळी पेंड, झेंडूचं आंतरपीक यांनी संख्या कमी होते. पण एकदा बागेत शिरलेला कृमी पुरता जात नाही. म्हणून रोपं घेताना एक-दोन पिशव्या फाडून मुळं धुऊन बघा. रोपवाटिकावाला कुरकुरला तर त्या रोपांचे पैसे देऊन टाका.