वादळात घराचे पत्रे उडाले? पंचनामा झाला म्हणजे विम्याचा दावा झाला, असं नाही

वळवाच्या पावसाआधी सुटणारा वारा दहा-पंधरा मिनिटंच टिकतो. पण तेवढ्या वेळात घरावरचे पत्रे शेजारच्या रानात जाऊन पडतात. सकाळी तलाठी येतात, पंचनामा होतो, घरमालक सही करतो आणि आता काम झालं असं समजून कामाला लागतो. पुढे कधीतरी कर्जाचे कागद चाळताना कळतं, की बँकेने कर्ज देतानाच घराचा विमा उतरवला होता. तोवर नवे पत्रे बसलेले असतात, जुने भंगारात गेलेले असतात आणि नुकसानीचा एकही फोटो नसतो.

गावोगावी होणारी ही चूक टाळता येते. त्यासाठी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायची. पंचनामा ही सरकारी मदतीची वाट आहे आणि विम्याचा दावा ही वेगळी वाट आहे. एक केल्याने दुसरं आपोआप होत नाही.

आधी बघा, घराला विमा आहे का?

गावात 'माझा विमा आहे' असं म्हणणाऱ्यांकडे बहुतेक वेळा दुसराच विमा असतो. पीक विमा फक्त पिकाला लागू होतो. त्यातला ७२ तासांत कळवायचा नियम सगळ्यांना पाठ आहे, पण त्यातून घराच्या पत्र्याचे पैसे मिळत नाहीत. बँक खात्यातून वर्षाला २० रुपये कापले जातात तो अपघात विमा आणि ४३६ रुपये कापले जातात तो जीवन विमा. दोन्ही माणसासाठी आहेत, घरासाठी नाहीत. घरकुल योजनेतून घर मिळालं म्हणजे त्याचा विमा झाला, असंही नाही.

ज्यांनी घर बांधायला किंवा दुरुस्तीला बँकेचं, पतसंस्थेचं किंवा फायनान्स कंपनीचं कर्ज घेतलं आहे, त्यांनी कर्जाचे कागद आणि पासबुक नीट बघावं. कर्ज मिळालं त्या सुमारास विम्याच्या हप्त्यापोटी काही रक्कम कापलेली दिसली, तर शाखेत जाऊन पॉलिसीची प्रत मागावी. तो विमा कर्जदाराच्या जिवाचा आहे की घराचा, हे स्पष्ट विचारावं. दोन्ही वेगवेगळे असतात.

१ एप्रिल २०२१ पासून घरासाठी 'भारत गृह रक्षा' नावाची एकसारखी पॉलिसी विमा कंपन्या देतात. कंपनी कोणतीही असो, मूळ अटी सारख्याच. आग, वीज, वादळ, पूर, भूकंप, दरड कोसळणे, या सगळ्यांपासून झालेलं नुकसान त्यात येतं.

सरकारी मदत किती मिळते?

आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठीच्या निकषांनुसार, सपाट भागातलं घर पूर्ण पडलं तर १ लाख २० हजार रुपये मिळतात. घराची अंशतः पडझड झाली तर पक्क्या घराला ६,५०० आणि कच्च्या घराला ४,००० रुपये. त्यालाही अट आहे, ती म्हणजे नुकसान किमान १५ टक्के हवं. मोठ्या आपत्तीत राज्य सरकार कधी कधी वेगळा निर्णय घेऊन रक्कम वाढवतं.

आता हिशेब करा. पत्रे, अँगल, पाइप, मजुरी आणि वाहतूक धरली तर दोन खोल्यांचं छप्पर ६,५०० रुपयांत होत नाही. म्हणून ज्याच्याकडे विमा आहे त्याने दावा सोडणं म्हणजे स्वतःच्या हाताने नुकसान करून घेणं.

तरीही पंचनामा करून घ्यायचाच. तलाठ्याला, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याला, त्याच दिवशी कळवा. पंचनाम्यात तारीख, वेळ, किती पत्रे उडाले, भिंतीला तडा गेला का, घरातलं काय भिजलं, हे नीट लिहून घ्या. वाचल्याशिवाय सही करू नका. त्याची प्रत मागा किंवा निदान मोबाइलवर फोटो काढून ठेवा. हाच कागद विमा कंपनीपुढे वादळाचा पुरावा म्हणून उपयोगी पडतो.

पहिला दिवस: आधी फोटो, मग ताडपत्री

वर आभाळ भरलेलं, घरात लेकरं आणि धान्याची पोती. अशा वेळी सर्व्हेअर येईपर्यंत उघड्यावर थांबायचं का? अजिबात नाही. नुकसान आणखी वाढू नये म्हणून शक्य ती काळजी घेणं हे पॉलिसीधारकाचंच काम असतं. ताडपत्री टाका, सामान हलवा. फक्त त्याआधी दहा मिनिटं काढून हे करा:

- घराचे चारही बाजूंनी फोटो काढा. एक फोटो असा हवा ज्यात पूर्ण घर आणि उघडं पडलेलं छप्पर एकत्र दिसेल.
- उडालेले पत्रे जिथे पडले तिथेच त्यांचा फोटो घ्या. वाकलेले अँगल, तुटलेले हुक आणि फुटलेली कौलं जवळून घ्या.
- आतून वर बघत एक व्हिडिओ काढा. व्हिडिओत तारीख, गावाचं नाव आणि काय झालं ते तोंडाने बोला.
- भिजलेला टीव्ही, फ्रीज, गाद्या, कपाट यांचे वेगळे फोटो काढा.
- मोबाइलमधलं लोकेशन चालू ठेवा. फोटो घरातल्या दुसऱ्या फोनवरही पाठवून ठेवा.

विजेच्या तारा तुटल्या असतील तर छपराजवळ जाऊ नका. आधी वायरमनला कळवून लाइन बंद करून घ्या.

मोडके पत्रे, तुटलेले वासे, फुटकी कौलं सर्व्हेअरने बघेपर्यंत टाकायची नाहीत की विकायची नाहीत. ताडपत्री, दोरी आणि मजुरीवर झालेल्या खर्चाच्या पावत्या जपून ठेवा.

कंपनीला कसं कळवायचं?

पॉलिसीवर टोल फ्री नंबर असतो. शक्यतो त्याच दिवशी फोन करा. पॉलिसी नंबर, घराचा पत्ता, घटनेची तारीख आणि वेळ, अंदाजे नुकसान एवढं सांगायचं. फोन ठेवण्याआधी दावा क्रमांक घ्या आणि लिहून ठेवा. एजंटला किंवा बँकेतल्या साहेबांना तोंडी सांगितलं म्हणजे कंपनीला कळवलं, असं धरू नका. फोननंतर ईमेल किंवा लेखी अर्जही द्या आणि पोच घ्या.

साधारण हे कागद लागतात: भरलेला दावा अर्ज, पॉलिसीची प्रत, आधार, बँक पासबुक, ग्रामपंचायतीचा नमुना ८ आणि घरपट्टीची पावती, फोटो, पंचनाम्याची प्रत, आणि दुरुस्तीचं अंदाजपत्रक. अंदाजपत्रक मोघम नको. 'छप्पर दुरुस्ती, ८० हजार' असं लिहिलं तर शंका येते. पत्रे किती, किती फुटी, अँगल किती किलो, मजुरी किती, असं सुट्टं लिहून मिस्त्रीची किंवा दुकानदाराची सही घ्या.

वादळ खरंच झालं का, असा प्रश्न कंपनी विचारू शकते. अशा वेळी महसूल मंडळातल्या स्वयंचलित हवामान केंद्राची नोंद, त्या दिवशीच्या बातमीचं कात्रण आणि शेजारच्या घरांच्या नुकसानीचे फोटो कामी येतात.

सर्व्हेअर घरी आल्यावर

विमा नियामक इर्डाच्या जून २०२४ च्या परिपत्रकानुसार दावा कळवल्यापासून २४ तासांत सर्व्हेअर नेमला गेला पाहिजे, त्याचा अहवाल १५ दिवसांत यायला हवा आणि अहवाल आल्यावर ७ दिवसांत कंपनीने निर्णय द्यायला हवा. म्हणून प्रत्येक फोनची आणि भेटीची तारीख वहीत लिहून ठेवा. उशीर झाला तर हीच वही कामाला येते.

सर्व्हेअरची फी कंपनी देते. घरमालकाने त्याला एक रुपयाही द्यायचा नसतो. ओळखपत्र बघा, त्याच्यासोबत फिरा, सगळं नुकसान स्वतः दाखवा. नंतर आठवलं म्हणून सांगितलेल्या गोष्टी अहवालात येणं अवघड जातं. सरकारी मदत मिळाली का, असं विचारलं तर खरं ते सांगा. नुकसान फुगवून सांगितलं तर खरा दावाही हातचा जातो.

दावा कुठे अडतो?

पहिलं कारण म्हणजे जुनी झीज. गंजलेला पत्रा, वर्षानुवर्षं झिरपणारं छप्पर, किडलेला वासा, याचे पैसे विमा देत नाही. वाऱ्याने उचललेलं छप्पर आणि आधीपासून गळणारं छप्पर यातला फरक फोटोत दिसला पाहिजे. म्हणून दरवर्षी उन्हाळ्यात चांगल्या छपराचे दोन फोटो काढून ठेवावेत. 'आधी घर धड होतं' हे दाखवायला त्यापेक्षा सोपा पुरावा नाही.

दुसरं कारण म्हणजे नाव. नमुना ८ वर वारलेल्या वडिलांचं नाव आणि पॉलिसी मुलाच्या नावावर, असं अनेक घरांत असतं. वारस नोंद वेळेत करून घेतली तर ऐन वेळी धावपळ होत नाही.

तिसरं कारण म्हणजे चुकीची माहिती. घर कुडाचं, गवताने शाकारलेलं किंवा लाकडी फळ्यांचं असेल तर विमा घेतानाच तसं सांगावं लागतं. पक्कं म्हणून लिहिलं आणि निघालं कच्चं, तर वाद होतो. गोठा, किराणा दुकान, पिठाची गिरणी घराला लागून असेल तर ती पॉलिसीत आहे का, हेही आधीच विचारून घ्या.

पैसे कमी दिले किंवा दावा नाकारला तर?

कर्ज चालू असेल तर विम्याची रक्कम कर्जखात्यात जाऊ शकते. दुरुस्तीसाठी ती हाती मिळावी म्हणून शाखेत लेखी अर्ज करा.

'पूर्ण व अंतिम रक्कम मिळाली' अशा कागदावर घाईने सही करू नका. रक्कम कशी काढली, काय वजा केलं, हे लेखी मागा. दावा नाकारला तर पॉलिसीच्या कोणत्या अटीनुसार नाकारला, तेही लेखी मागा.

आधी कंपनीच्या तक्रार निवारण कक्षाकडे लेखी तक्रार करायची. दाद मिळाली नाही तर इर्डाच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर किंवा १५५२५५ आणि १८०० ४२५४ ७३२ या टोल फ्री नंबरवर तक्रार नोंदवता येते. कंपनीने तक्रार फेटाळली किंवा ३० दिवसांत उत्तर दिलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. महाराष्ट्रात मुंबई, ठाणे आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत. ५० लाखांपर्यंतच्या दाव्यांच्या तक्रारी ते ऐकतात. फी नाही, वकील लागत नाही. मात्र कंपनीच्या नकारानंतर एक वर्षाच्या आत जायला हवं.

विमा नसेल तर

वादळ येऊन गेल्यावर घेतलेला विमा झालेल्या नुकसानीला लागू होत नाही. घ्यायचा तर आधीच घ्यावा लागतो. विम्याची रक्कम जागेच्या भावावर ठरत नाही, बांधकामाच्या खर्चावर ठरते. समजा घर ५०० चौरस फूट आहे आणि बांधायला फुटाला १,५०० रुपये लागतात, तर विमा साडेसात लाखांचा. भारत गृह रक्षा पॉलिसीत त्याच्या २० टक्के, म्हणजे या उदाहरणात दीड लाखापर्यंत, घरातल्या सामानालाही संरक्षण मिळतं. त्यासाठी सामानाची वेगळी यादी द्यावी लागत नाही.

आज संध्याकाळी एवढं तरी करा. कर्जाचे कागद काढून विमा आहे का ते बघा. असेल तर पॉलिसी नंबर आणि कंपनीचा टोल फ्री नंबर घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये सेव्ह करा. पत्रे उडतात त्या रात्री पेटीतले कागद भिजलेले असतात, खिशातला मोबाइल मात्र हाताशी असतो.