घरातले कॉकपिट आणि कानातला तोल

हिंगोली जिल्ह्यात प्रवासी विमानतळ नाही, जवळचा नांदेडचा. पण वसमत किंवा कळमनुरीतल्या घरात बसून मुंबईच्या धावपट्टीवर विमान उतरवता येते. बऱ्यापैकी संगणक, एक जॉयस्टिक आणि फ्लाइट सिम्युलेटर एवढे पुरे. एकदा हा छंद लागला की थ्रॉटल येतो, पायाने चालवायची पेडल येतात, एकाचे तीन पडदे होतात, सुताराकडून प्लायवूडची चौकट करून घेतली जाते आणि बघता बघता खोलीचे कॉकपिट होते. मग एका संध्याकाळी वळण घेता घेता या वैमानिकाला मळमळू लागते. कपाळावर घाम येतो, तोंडाला पाणी सुटते. खुर्ची तर जागची हललेली नसते!

एसटीत मोबाइल बघत बसणाऱ्याला ‘गाडी लागते’, त्याचीच ही उलटी बाजू आहे. बसमध्ये कान सांगतो की शरीर हलते आहे, पण डोळ्यांसमोरचा पडदा स्थिर असतो. कॉकपिटमध्ये डोळे सांगतात की आपण वळतो आहोत आणि कान म्हणतो, आपण बसलो आहोत. या दोन बातम्या जुळल्या नाहीत की मेंदू गोंधळतो आणि मळमळ, गरगर, डोकेदुखी सुरू होते. हेलिकॉप्टरच्या सिम्युलेटरवर शिकणाऱ्यांमध्ये हा त्रास १९५७ मध्येच नोंदवला गेला. ज्यांच्या आंतरकर्णातील तोलाचे इंद्रिय दोन्ही बाजूंनी पूर्ण निकामी असते, त्यांना गाडी लागत नाही. म्हणजे हा त्रास दुबळेपणाचा नव्हे, तर कान शाबूत असल्याचा पुरावा आहे.

म्हणून सुरुवात लहान असावी. पहिले काही आठवडे एकच पडदा, साधी जॉयस्टिक आणि सेस्नासारखे छोटे विमान पुरेसे आहे. ‘फ्लाइटगियर’ हा कार्यक्रम तर मोफत मिळतो. पडदा जितका मोठा आणि जवळ, तितकी हालचालीची भावना तीव्र आणि तितकीच मळमळही जास्त. चित्र अडखळत चालत असेल तर त्रास वाढतो. तेव्हा आणखी पडदे घेण्यापेक्षा चित्राचा तपशील कमी करावा. सुरुवातीला पंधरा-वीस मिनिटेच बसावे. मळमळ जाणवताच थांबावे, नेटाने पुढे रेटू नये. एप्रिल-मेच्या उकाड्यात बंद खोली टाळावी. चेहऱ्यावर पंख्याचा वारा असला तर बरे वाटते. गरगर काही वेळा नंतरही टिकते, म्हणून ती पूर्ण थांबेपर्यंत दुचाकीला हात लावू नये. फिट येण्याचा आजार असेल तर लुकलुकत्या चित्रांसमोर बसण्याआधी डॉक्टरांना विचारावे. चौकटीत वायरिंग करताना अर्थिंग विसरू नये.

या छंदाचा मूळपुरुषही साधनांच्या टंचाईतूनच घडला. अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन गावी एडविन लिंक याच्या वडिलांचा पियानो आणि ऑर्गनचा कारखाना होता. विमान शिकण्याचा खर्च फार, म्हणून त्याने ऑर्गनचे भाते वापरून डोलणारे, वळणारे लाकडी विमान बनवले. १९२९ च्या सुमारास ते तयार झाले. गिऱ्हाईक मात्र मिळाले जत्रा-करमणुकीच्या बागांचे. १९३४ मध्ये टपाल नेणारे अमेरिकी लष्करी वैमानिक धुक्यात, वादळात एकामागून एक मृत्युमुखी पडू लागले. केवळ यंत्रे पाहून विमान चालवणे त्यांना नीट येत नव्हते. तेव्हा लष्कराने लिंककडून सहा यंत्रे विकत घेतली.

धुक्यात वैमानिक का चुकतो, याचे उत्तरही कानातच आहे. प्रत्येक कानात द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. डोके वळले की द्रव मागे राहतो आणि वळण कळते. पण वळण अगदी सावकाश असेल तर ते जाणवतच नाही. एकसारखे वळण दहा-वीस सेकंद चालू राहिले तर द्रवही त्याच गतीने फिरू लागतो आणि आपण सरळ जात आहोत असे वाटते. विमान खरोखर सरळ केले की उलट्या बाजूला वळल्याचा भास होतो. जमिनीवर डोळे ही चूक सुधारतात; ढगात आणि रात्री समुद्रावर डोळ्यांना क्षितिजच नसते. १९५४ मध्ये इलिनॉय विद्यापीठात यंत्रांवरून उड्डाण न शिकलेल्या २० जणांना बाहेरचे काही दिसू न देता विमान चालवायला दिले. विसांचाही ताबा सुटला, सरासरी १७८ सेकंदांत.

मुंबईनेही याची किंमत मोजली आहे. १ जानेवारी १९७८ च्या रात्री सांताक्रूझहून दुबईला निघालेले एअर इंडियाचे ‘सम्राट अशोक’ हे जंबो विमान उड्डाणानंतर दोन मिनिटांच्या आत वांद्र्यासमोर समुद्रात कोसळले. २१३ जण गेले. विमान वळण संपवून सरळ झाले होते, पण कॅप्टनसमोरचे कृत्रिम क्षितिज दाखवणारे यंत्र बिघडल्यामुळे ते उजवीकडेच कललेले दिसत होते. त्यांनी विमान डावीकडे कलवले, कलवतच नेले. बाहेर काळोखा समुद्र. कानानेही वेळेवर सावध केले नाही. कॅप्टन अतिशय अनुभवी होते. इतर यंत्रांशी पडताळा झाला असता तर विमान सावरता आले असते.

घरच्या कॉकपिटचा खरा उपयोग इथे आहे. त्याची खुर्ची कानाला फसवू शकत नाही, त्यामुळे खऱ्या विमानातला भास तिथे अनुभवता येत नाही. पण नजर एका यंत्रावर खिळू न देता कृत्रिम क्षितिज, वळणदर्शक, उंची, वेग, दिशा अशी सतत फिरती ठेवण्याची सवय मात्र लावता येते. सिम्युलेटरमध्ये ढग आणावेत, मग एखादे यंत्र मुद्दाम बंद करून बाकीच्यांवरून विमान सरळ ठेवावे. यासाठी प्लायवूडची चौकट लागत नाही.

ज्या घरात मुलाला वैमानिकच व्हायचे आहे, तिथे आणखी एक गोष्ट सांगायला हवी. घरी घालवलेले तास परवान्यात धरले जात नाहीत. व्यावसायिक परवान्यासाठी २०० तासांचे उड्डाण लागते. त्याआधी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने मान्यता दिलेल्या डॉक्टरांकडून वैद्यकीय तपासणी करून घ्यावी लागते. तीत कान, दृष्टी आणि रंगांची ओळख तपासतात. रंगांधळेपणा असलेल्या अनेकांना तो अशा तपासणीपर्यंत माहीतही नसतो. रंगांच्या ठिपक्यांतला आकडा ओळखण्याची चाचणी नेत्रतज्ज्ञ काही मिनिटांत करतात. कॉकपिटचे सामान आणण्याआधी, प्रशिक्षणासाठी शेत गहाण टाकण्याआधी, ती करून घ्यावी.