चष्म्याने जाळ पेटेल का?

समजा, नाशिक रोडहून तुमची सहल अंजनेरीच्या डोंगरावर गेली आहे. वाट चुकली, काडेपेटी भिजली. पण ऊन लख्ख आहे. जाळ करण्यासाठी कोणाचा चष्मा मागाल? सरांचा वाचायचा, की लांबचे न दिसणाऱ्या मित्राचा?

निर्जन बेटावर अडकलेल्यांच्या कादंबऱ्यांत असा प्रसंग येतोच. विल्यम गोल्डिंग यांच्या ‘लॉर्ड ऑफ द फ्लाइज’मध्ये (१९५४) मुले पिगीच्या चष्म्याने जाळ पेटवतात. पण पिगीला लांबचे दिसत नाही! अशा चष्म्याचे भिंग अंतर्वक्र असते. ते किरण एकवटत नाही, उलट फाकवते. त्याने वाळलेले पानही पेटणार नाही.

भा. रा. भागवतांनी ज्यांच्या कथा मराठीत आणल्या, त्या ज्यूल व्हर्न यांच्या ‘द मिस्टीरियस आयलंड’मधला (१८७५) अभियंता मात्र चुकत नाही. तो दोन घड्याळांच्या काचा जोडतो, आत पाणी भरतो आणि कडा मातीने लिंपतो. झाले बहिर्वक्र भिंग!

वाचायच्या चष्म्याचे भिंगही बहिर्वक्रच. +४ क्रमांकाच्या भिंगाचे नाभीय अंतर २५ सेंटिमीटर. तेथे सूर्याची प्रतिमा जेमतेम सव्वादोन मिलिमीटरची. सारी उष्णता त्या ठिपक्यात एकवटते.

तुम्हीही पडताळा, पण घरात. खिडकीसमोरच्या भिंतीजवळ चष्मा धरून हळूहळू मागे न्या. खिडकीचे उलटे चित्र उमटले, तर भिंग बहिर्वक्र. भिंगातून सूर्याकडे मात्र कधीही पाहू नका.

गोल्डिंगना १९८३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. कादंबरी जरूर वाचा. रानात जाताना मात्र पडताळलेले ज्ञानच बरोबर न्या.