तिसऱ्या पायाची करामत

ट्रान्झिस्टरला बहुधा तीन पाय असतात. दोन पायांमधून वीज वाहते आणि किती वाहायची ते तिसरा ठरवतो. या तिसऱ्याला हुकूम कसा द्यायचा, यावरून ट्रान्झिस्टरच्या जाती पडतात.

पहिली जात बायपोलर, म्हणजे बीजेटी. तिचा हुकमी पाय ‘बेस’, आणि त्याला थोडासा करंट द्यावाच लागतो. उरलेले दोन पाय म्हणजे ‘कलेक्टर’ आणि ‘एमिटर’. बेसला १० मायक्रोअँपिअर द्या, बीसी ५४७ हा बीजेटी कलेक्टरमधून शंभरपटीहून जास्त करंट सोडतो. नक्की किती पट? डेटाशीट म्हणते ११० ते ८००! नंबरापुढचं ए, बी किंवा सी हे अक्षर पाहिलं की ही रेंज आवळते.

बीजेटीचे दोन प्रकार: एनपीएन आणि पीएनपी. आकृतीत एमिटरवरचा बाण बाहेर गेला तर एनपीएन, आत आला तर पीएनपी. सर्किटांमध्ये एनपीएन जास्त दिसतो, कारण त्यात मुख्य काम इलेक्ट्रॉन करतात. पीएनपीमध्ये ते ‘होल’कडे, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागांकडे असतं आणि सिलिकॉनमध्ये होल इलेक्ट्रॉनपेक्षा बरेच संथ चालतात.

पुण्याच्या बुधवार पेठेत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर पार्ट घेणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला हे कुणीतरी सांगायलाच हवं: बीसी ५४७ ची सपाट बाजू समोर धरली तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. अगदी तसाच दिसणारा २एन ३९०४ धरला तर एमिटर, बेस, कलेक्टर. अंग तेच, पाय उलटे!

बेसचं काम प्रकाशही करू शकतो. १९५० च्या दशकातला ओसी ७१ हा जर्मेनियमचा ट्रान्झिस्टर काचेच्या नळीत बसवलेला असे आणि वरून काळा रंग दिलेला. हौशी मंडळींनी तो रंग खरवडला आणि त्यांना स्वस्तात फोटोट्रान्झिस्टर मिळाला. मग तो बनवणाऱ्या कंपनीने काचेच्या आतच अपारदर्शक लगदा भरायला सुरुवात केली.

दुसरी जात फील्ड-इफेक्ट, म्हणजे फेट. इथे हुकमी पाय ‘गेट’, आणि त्याला व्होल्टेज पुरतं. करंट जवळजवळ लागतच नाही. गंमत म्हणजे ही कल्पना बीजेटीपेक्षा जुनी. ज्युलियस लिलियनफेल्ड यांनी १९२५ मध्येच कॅनडात पेटंटसाठी अर्ज केला होता. बार्डीन आणि ब्रॅटेन यांचा पहिला चालता ट्रान्झिस्टर अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये डिसेंबर १९४७ मध्ये जन्मला, तर आज चिप्सवर राज्य करणारा मॉसफेट हा फेट तिथेच १९५९ मध्ये अटाला आणि कांग यांनी घडवला.

फेटमध्येही स्वभाव दोन. जेफेट मुळात चालू असतो, त्याला उलट व्होल्टेज देऊन बंद करावं लागतं. दुकानात मिळणारे बहुतेक मॉसफेट मुळात बंद असतात, गेटला व्होल्टेज मिळालं की जागे होतात.

मॉसफेटच्या गेटखाली सिलिकॉन डायऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो. स्वेटर काढताना अंगावर साठणारी स्थिर वीज तो थर फोडू शकते, म्हणून जाणकार आधी अर्थिंग केलेल्या धातूला हात लावतात आणि मगच मॉसफेट उचलतात.

याच थराची एक सुंदर करामत घरी करून बघता येते. बॅटरीवर एलईडी, रेझिस्टर आणि मॉसफेट जोडा, गेटला क्षणभर ९ व्होल्ट लावा आणि वायर काढून घ्या. एलईडी तरीही पेटलेलाच राहतो! गेटवरच्या चार्जला पळायला वाटच नसते. १९६७ मध्ये कांग आणि सायमन झी यांनी असा चार्ज चारी बाजूंनी कोंडणारं ‘तरंगतं गेट’ मांडलं. पुढे पेन ड्राइव्हमधली फ्लॅश मेमरी त्याच तत्त्वावर आली, म्हणूनच वीज नसतानाही फोटो वर्षानुवर्षं टिकतात.

आणि दोन्ही जातींचा संकर म्हणजे आयजीबीटी: गेट मॉसफेटचं, ताकद बायपोलरची. त्याला नावारूपाला आणण्याचं मोठं श्रेय मद्रासमध्ये जन्मलेल्या बी. जयंत बलिगा यांना जातं. त्यासाठी २०२४ चा मिलेनियम टेक्नॉलॉजी पुरस्कार त्यांना मिळाला. इंडक्शन शेगडीत आयजीबीटी असतो आणि मुंबईच्या थ्री-फेज लोकलमध्येही. गाडी सुटताना चढत जाणारा सूर ऐकू येतो ना? मोटरची वीज सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद होत असते, त्यातून तो उमटतो.