गवत माजू नये म्हणून

आपल्याकडे दिवाळीला डोंगरावरचं गवत पिवळं पडायला लागलेलं असतं. नेमक्या त्याच दिवसांत न्यूझीलंडमधल्या मेंढीपालकाची वर्षातली सगळ्यात अवघड कसोटी सुरू असते. तिकडे तेव्हा वसंत असतो. हॉक्स बे, वायरारापा, गिझबर्न, किंग कंट्री हा नॉर्थ आयलंडचा डोंगराळ पट्टा ऑक्टोबर-नोव्हेंबरात असा उसळून हिरवा होतो, की मेंढरांना तो खाऊन सरत नाही. चारा कमी पडला की काय हाल होतात, हे आपल्याला सांगायला नको. तो जास्त झाला तरी शेतकऱ्याची झोप उडते, हे मात्र या डोंगरांवरच कळतं.

हिवाळ्यात तिथे हेक्टरी दिवसाला जेमतेम १० किलो गवत वाढतं. हे वजन पाणी वगळून, म्हणजे कोरड्या चाऱ्याचं. वसंतात चांगल्या उतारावर तेच ५० किलोंच्या वर जातं. या उसळीवर नजर ठेवूनच मार्च-एप्रिलमध्ये कळपात मेंढे सोडतात, म्हणजे कोकरं ऑगस्ट-सप्टेंबरात जन्मतात. जुळ्यांना पाजणाऱ्या मेंढीला ऐन दुधाच्या दिवसांत रोज तीन किलोंच्या आसपास कोरडा चारा लागतो. एरवी तिचं किलोभरात भागतं. तरीही गवत या वाढलेल्या भुकेच्या पुढे निघून जातं.

पुढे गेलेलं गवत तसंच राहिलं तर बिघडतं कुठे, हे समजायला या कुरणांत वाढणाऱ्या रायगवताचा एकच फुटवा निरखून पाहावा. त्यावर एका वेळी साधारण तीनच जिवंत पाती असतात. चौथं वर आलं की सगळ्यात जुनं वाळायला लागतं. वसंतात नवं पातं आठ-दहा दिवसांत येतं. म्हणजे जे पातं महिनाभरात कुणाच्या तोंडी लागलं नाही, ते बुडाशी पाचोळा होऊन पडलं. त्यातच थंडी सोसलेला फुटवा दिवस मोठे होऊ लागताच कणसाकडे वळतो. वेळेवर न खुडलेली मेथी फुलावर येऊन जून होते, तसा तो देठ धरतो. कोवळ्या पातीच्या किलोभर कोरड्या चाऱ्यातून जनावराच्या अंगी ११ ते १२ मेगाज्यूल ऊर्जा लागते; जून देठ आणि पाचोळा यांतून ८ किंवा त्याहूनही कमी. उंच देठांच्या सावलीत पांढरा क्लोव्हर दबून जातो आणि हवेतला नायट्रोजन जमिनीत आणणारा हा सोबती गेला की पुढच्या हंगामाचं गवतही रोडावतं.

हे सगळं अगदी नको त्या वेळी होतं. सहा-आठ आठवड्यांचं कोकरू आईच्या दुधावरून गवतावर येत असतं. त्याचं पोट लहान, त्यामुळे निकस चारा जास्त खाऊन भरपाई करणं त्याला जमत नाही. १९८२ साली या देशात सुमारे ७ कोटी मेंढ्या होत्या, आता अडीच कोटींच्या आत आहेत. पण आज एका मेंढीमागे जगणारी कोकरं वाढली आहेत आणि कत्तलीच्या वेळचं वजनही. त्यामागे वाणाची निवड आहेच. पण माझ्या मते निम्मं श्रेय तरी या गवताच्या राखणीला द्यायला हवं.

सपाटीवरचा शेतकरी यंत्र फिरवून जादा गवत कापतो, मुरघास करतो. इथल्या उतारावर ट्रॅक्टर उलटेल. खतसुद्धा १९४९पासून विमानातून टाकत आले आहेत. गवत कापायला उरतं ते जनावराचं तोंड. म्हणून शेतकरी गमबुटाशी गवताची उंची ताडतो, वाकून हाताने ते फाकवतो आणि बुडाशी हिरवं किती, करडं किती ते पाहतो. कोकरांसह मेंढ्या असलेल्या कुरणात गवत तीन ते सहा सेंटिमीटर, म्हणजे हेक्टरी सुमारे १२०० ते १८०० किलो, राखायचं असतं. त्याखाली गेलं तर दूध आटतं, वर गेलं तर गवत देठ धरतं. देठाचा वाढता शेंडा वेळीच खाल्ला गेला तर तो फुटवा थांबतो आणि बुडातून पानांचे नवे फुटवे येतात. ही वेळ साधण्यातच सगळं कसब आहे.

इथे गुरं कामाला येतात. मेंढी चिंचोळ्या तोंडाने हिरवं पातं तेवढं वेचून घेते, देठ मागे ठेवते. गाय-बैल जिभेचा विळखा घालून देठापाचोळ्यासकट घास ओढतात. शिवाय मेंढीच्या पोटातले बहुतेक जंत गुरांत वाढत नाहीत, त्यामुळे गुरं चरून गेलेलं कुरण कोकरांसाठी अधिक सुरक्षित होतं. जमाखर्चात गुरांपुढे फक्त मांसाचा भाव मांडला, तर त्यांनी मेंढरांसाठी केलेली ही मशागत हिशेबातून सुटते. मांसाचे भाव पडले म्हणून गुरं विकून टाकली, की पुढच्या वसंतात कोकरांच्या वजनात त्याची किंमत मोजावी लागते.

एवढं करूनही सगळा डोंगर आवरत नाही. तेव्हा काही कुरणं सोडून द्यायची, हा निर्णय लवकर घ्यावा लागतो. तोंडं सगळीकडे पांगली तर प्रत्येक कुरण थोडं थोडं माजतं आणि चांगलं एकही राहत नाही. कोणतं सोडायचं, याला उताराची दिशा महत्त्वाची. दक्षिण गोलार्धात उत्तरेकडचा उतार उन्हाचा. तिथलं गवत आधी देठ धरतं, आधी वाळतं. दक्षिणेकडचा थंड आणि ओलसर राहतो. तिथे कोवळी पाती उन्हाळ्यातही टिकते, म्हणून दूध तोडलेल्या कोकरांसाठी असा उतार राखून ठेवणं शहाणपणाचं.

सोडलेलं कुरण वाया जात नाही. ऑक्टोबरच्या सुमारास तिथली चराई बंद करून गवत बियांवर येऊ देतात. मुळं खोल जातात, बी जमिनीवर झडतं, विरळ झालेलं कुरण पुन्हा दाटतं. उन्हाळ्याच्या शेवटी ते गुरांना मोकळं करतात. त्यांच्या खुरांनी बी मातीत दाबलं जातं. शरदाच्या पावसाने नवी फूट आली की मग मेंढरं सोडायची. त्याआधी त्यांना या पाचोळ्यात घालणं धोक्याचं असतं, कारण उबदार दमट हवेत मेलेल्या गवतावर एक बुरशी वाढते आणि तिच्या बीजाणूंतलं विष मेंढीचं यकृत निकामी करतं.